१७६ आणि ८८ : आमचं पाण्याचं गाणं कसं बसलं

सोलापुरात पंक रॉक (जोरात, वेगात वाजणारी गिटार) आणि हिपहॉप (ठेक्यावर बोलत म्हणायचा रॅप) मिक्स करणारा बँड आहे म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, म्हणजे नक्की काय वाजवताव बे? आणि लगेच, लग्नाचं घेताव का? लग्नाचं नाही घेत. पण पहिल्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं कधीपासून डोक्यात होतं, कारण हे दोन प्रकार एकत्र करायचे म्हणजे नेमकं काय करायचं हे आम्हाला एक गाणं बसवता बसवता कळत गेलं, पावसाळ्यात सुरू केलेलं गाणं उन्हाळ्यात स्टेजवर गेलं. ते सगळं इथं लिहून ठेवतो.

आम्ही पाच जण. ड्रमर पूर्व भागातला, घरी चादरीचे माग, हात तयार झाला तो गणपतीत ताशा वाजवून. गिटारवाला जुळे सोलापूरचा, तो पंक ऐकत मोठा झालेला. बेसवाला विजापूर वेशीतला, पक्का हिपहॉपवाला, मोबाईलवर बीट (रॅपच्या मागचा ठेका) बनवतो आणि ते बीट खरंच भारी असतात. माईकवर मी आणि आमची दुसरी रॅपर, ती विडी घरकुल ह्या विडी कामगारांच्या वसाहतीतली, घरात तेलुगू, शाळा मराठी, मैत्रिणींबरोबर दखनी, त्यामुळे तिच्या एका ओळीत तीन गल्ल्या येतात. जागा म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं ड्रमरच्या काकांचं एक शेड, त्यातले निम्मे माग भंगारात गेले, निम्मे चालू आहेत. रिकाम्या झालेल्या बाजूला आम्ही ड्रमसेट मांडला, काका फक्त एवढंच म्हणाले, कामगारांची सुट्टी असेल त्या दिवशी वाजवा आणि जाताना मेन स्विच बंद करा.

सुरुवातीला सगळा वेळ भांडणात गेला, आणि ती भांडणं मला आजपण आवडतात. गिटारवाल्याचं म्हणणं, पंक म्हणजे वेग, रॅमोन्स ह्या न्यूयॉर्कच्या पंक बँडचा १९७६ चा पहिला अल्बम बघ, चौदा गाणी आणि अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास, सोलो नाही, शोबाजी नाही. बेसवाल्याचं म्हणणं, हिपहॉप म्हणजे जागा, ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कनं बहिणीच्या पार्टीत गाण्यातला तो फक्त ड्रम-बेसचा तुकडा दोन टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेअरवर) लांबवायला घेतला, तिथून हे सगळं सुरू झालं, त्यामुळे तुझ्या गिटारनं सगळी जागा भरून टाकलीस तर मग हिपहॉप उरणार कुठं? दोघांचं पण बरोबर होतं हो, तीच अडचण होती.

मग जुनं शोधायला लागलो की हे आधी कुणी केलं असेल तर कसं केलं. बीस्टी बॉईज १९८१ मध्ये न्यूयॉर्कला हार्डकोर पंक बँड म्हणूनच सुरू झाले होते, रॅप नंतर, त्यांचा १९८६ चा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एक नंबरला गेलेला पहिला रॅप अल्बम, आणि पुढं १९९२ ला त्यांनी परत स्वतःची वाद्यं हातात घेतली. द क्लॅश हा लंडनचा पंक बँड, ते १९८० ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डिंग करत असताना तिथल्या रॅपच्या प्रेमात पडले. १९८१ ला टाइम्स स्क्वेअरजवळच्या बाँड्स ह्या क्लबमध्ये त्यांचे ओळीनं शो होते, तिथं त्यांनी आपल्या आधी ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह ह्या रॅप ग्रुपला वाजवायला बोलावलं, तर पंकच्या पब्लिकनं त्यांच्यावर कप फेकून मारले. क्लॅशनं त्याबद्दल स्वतःच्याच पब्लिकला सुनावलं. हे वाचलं तेव्हा शेडमध्ये सगळे गप्प झाले होते, कारण आम्हाला वाटायचं की पंकवाले आणि रॅपवाले दोघं पण पैसा नसलेल्या पोरांचे, म्हणजे आपोआप एक होणार. तसं काही नसतं, एकत्र आणायला कुणाला तरी स्टेजवर उभं राहून भांडावं लागतं.

आता खरा विषय, टेम्पो.

गिटारवाल्याचा रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) १७६ बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १७६ ठोक्यांवर होता, पंकला हा वेग काही फार नाही. मी त्यावर रॅप करायला गेलो की तोंडातनं शब्दच निघंनात. नंतर बेसवाल्यानं हिशोब मांडला तेव्हा कारण कळलं: रॅपमध्ये साधारण एका ठोक्यात चार अक्षरं बसवतात, १७६ वर तसं केलं तर सेकंदाला जवळपास बारा अक्षरं होतात, माणूस कदाचित म्हणेल पण ऐकणाऱ्याला त्यातलं काय कळणार. मग सगळं खाली आणलं ९५ वर, रॅप मस्त बसला पण गिटार मेली, तोच रिफ त्या वेगात ओढल्यासारखा वाटायचा. मधला आकडा काढू म्हणून १३० वर पण बघितलं, ते तर दोघांचंच राहिलं नाही.

तोडगा ड्रमरनं काढला. तो म्हणाला, मिरवणुकीत ढोल सावकाश पडतो आणि ताशा पळत असतो, पण चालणारी माणसं एकाच पावलानं चालतात की. मग क्लिक (कानात वाजणारी तालाची टिकटिक) १७६ वरच ठेव म्हणाला, मी स्नेअर बदलतो. पंकमध्ये स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, त्यानं तो फक्त तिसऱ्या ठोक्यावर टाकला, बाकी हाय-हॅट (झांजांची जोडी) तशीच पळती ठेवली, आणि एकदम गाणं ८८ चं वाटायला लागलं! क्लिक तोच, आकडा तोच, पण कानाला अर्धा वेग. ह्याला हाफ-टाइम म्हणतात, जगभरचे ड्रमर वापरतात, आम्हाला पण नाव माहिती होतं पण ते आपल्या कामाचं आहे हे त्या दिवशी कळलं. ८८ वर चार अक्षरांचा हिशोब सेकंदाला सहाच्या आत येतो, मराठी तिथं आरामात बोलता येते. आणि कोरसला स्नेअर परत दोन-चारवर आणला की गाणं जागच्या जागी दुप्पट पळतं, मध्ये कुठं सांधा दिसत नाही.

इथंपर्यंत ती नुसती ट्रिक होती. शब्द माझे तेव्हा वेगळेच होते, जुन्या मिलच्या चिमणीवर काहीतरी लिहिलेलं, वाचायला बरं होतं पण त्या गाण्याला संथ व्हायचं आणि मग पळायचं काही कारणच नव्हतं. एकदा प्रॅक्टिस चालू असताना आमच्या रॅपरला घरनं फोन आला, पाणी आलंय, लवकर ये, आणि ती माईक खाली ठेवून स्कूटीवर सुटली. ती गेल्यावर ड्रमर सहज हाफ-टाइम वाजवत बसला होता, त्यातनं डबलमध्ये गेला, आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं की अरे हेच तर आहे, वाट बघणं ८८ वर आणि पाणी आलं की १७६.

बाहेरच्यांसाठी सांगतो, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि येतं तेव्हा तासा-दोन तासांत सगळं भरून घ्यायचं असतं, पिंप, हौद, घागरी, कळशा, पातेली, सगळं. वेळ कधी रात्रीची, कधी पहाटेची. ११७ टीएमसीचं उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे, शंभरेक किलोमीटरवर, तरी ही तऱ्हा. ज्या घरात आई-बहीण विड्या वळायला बसतात तिथं पाण्याचा दिवस म्हणजे तेवढ्या विड्या कमी, तेवढी मजुरी कमी. ह्यावर कुणी प्रेमगीत लिहिणार नाही. हे पंकचंच काम आहे आणि हे रॅपचंच काम आहे.

मिलचं सगळं फाडून टाकलं आणि नवीन लिहायला घेतलं. पहिला अंतरा असा झाला:

घागर उभी, बादली उभी, झोप पण रांगेत उभी
धरण भरलं टीव्हीवरती, हौदात त्याची छबी
नळाला कान लावून आजी, म्हणती हवा येतीय
हवेच्या मागं पाणी असतंय, गल्ली अख्खी जागीय

आजीची ओळ आमच्या रॅपरची आहे, तिच्या आजीचंच आहे ते, नळातनं आधी हवा फुसफुसते आणि ती ऐकून म्हातारीला कळतं अजून किती वेळ आहे. मला ही ओळ गाण्यातली सगळ्यात चांगली वाटते. आणि तिनंच सांगितलं की म्हणताना "येतीय"च्या नंतर तोंडानं फुस्स करून श्वास सोडायचा आणि तिथंच नवीन घ्यायचा. श्वासाचा प्रश्न होताच, सोळा बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) अंतरा ८८ वर साधारण चव्वेचाळीस सेकंदाचा होतो, मध्ये जागा सोडली नाही तर शेवटच्या चार ओळी नुसत्या ढकलत नेल्यासारख्या होतात. तिच्या त्या फुस्सनं दम पण मिळाला आणि हवेचा आवाज पण.

कोरस लिहावाच लागला नाही. पाणी आलं की गल्लीत जी आरोळी होती तीच घेतली. पाणी आलं! नीळ्ळु वच्चिनय! नीर बंतु! पानी आया रे! आमच्याकडं एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा ह्या चारी आरोळ्या खरंच ऐकू येतात. पंकमध्ये सगळ्यांनी मिळून ओरडायचे कोरस असतात, त्यात सूर लावायचा नसतो, गळा लावायचा असतो. पाचही जण दोन माईकवर ओरडलो, काकांचे दोन कामगार कशाला तरी आले होते त्यांना पण घेतलं, एकानं तर असला आवाज लावला की त्याचाच टेक (त्या वेळचं रेकॉर्डिंग) ठेवलाय.

मग गिटारकडं आलो आणि इथं सगळ्यात जास्त दिवस गेले. डिस्टॉर्शनवर (गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) पॉवर कॉर्ड वाजवतात, म्हणजे मूळ स्वर आणि त्याचा पंचम बस, मधला गंधार घातला की डिस्टॉर्शनमध्ये चिखल होतो. ते ठीक. पण अंतऱ्यात ती गिटार चालू राहिली की रॅपमधली व्यंजनं गायब व्हायची, "घागर"चं "आगर" ऐकू यायचं. बोललेलं स्पष्ट कळायला साधारण एक ते चार किलोहर्ट्झचा पट्टा मोकळा लागतो आणि फाटलेली गिटार नेमकी तिथंच पाय पसरून बसते. इक्यूनं (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायची सोय) गिटारचा तेवढा भाग थोडा कापला, फरक पडला पण पुरेसा नाही. शेवटी गिटारवाल्यानं स्वतःच ठरवलं की अंतऱ्यात वाजवायचंच नाही, चार बारनंतर एकदाच एक फटका, तो पण तळहातानं लगेच दाबलेला. ज्या माणसानं वर्षभर रॅमोन्ससाठी भांडण केलं त्यानं असं गप्प उभं राहायचं ठरवणं ही सोपी गोष्ट नाही आणि मला त्याचा लई आदर वाटतो. कोरसला त्याची गिटार सुटते तेव्हा ती आधीपेक्षा दुप्पट मोठी वाटते, कारण आधीचा अर्धा-पाऊण मिनिट कानानं ती जवळपास ऐकलेलीच नसते. बेसवाला जिंकला असं काही नाही, त्याला पण कोरसमध्ये स्वतःचं बीट पूर्ण बंद करावं लागलं.

रेकॉर्डिंग शेडमध्येच केलं. वर पत्रा, खाली फरशी, टाळी वाजवली की पत्रा उत्तर देतो. स्टुडिओतला फोम घ्यायची ऐपत नव्हती पण चादरी होत्या! सोलापुरी चादर सुती, जाड, जड, काकांकडनं डाग पडलेल्या, विकायला न गेलेल्या चादरी घेतल्या आणि दोऱ्या बांधून टांगल्या. एक सांगतो, भिंतीला चिकटवून टांगू नका, वीतभर अंतर सोडा, मागं हवा राहिली की आवाज जास्त शोषला जातो. वरचा चरचरीत आवाज एकदम बसला, खालचा बेसचा घुमारा मात्र चादरीनं जात नाही, त्याला फार जाडी लागते, तो आम्ही ड्रमची जागा हलवून हलवून कमी केला. आमच्या इंटरफेसला (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) दोनच इनपुट, म्हणून ड्रमला एक माईक ड्रमरच्या डोक्यावर आणि एक किकच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) तोंडाशी, बाकी सगळं त्याच्या हातावर सोडलं, जे जोरात हवं ते त्यानं जोरात मारायचं. गिटारमध्ये सारखी घूं अशी घरघर येत होती, ती पन्नास हर्ट्झची, लाईटचीच, शेडचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडनं नीट करून घेतल्यावर गेली. आणि ऊन. पत्र्याखाली दुपारी गिटारच्या तारा तापून ढिल्या पडतात, सूर खाली येतो, त्यामुळे प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनिंग. शेवटी रात्रीच बसायला लागलो.

मागाचा आवाज पण गाण्यात आहे. तो घालायचा का नाही ह्यावर माझं मत आधी नाही असंच होतं, सोलापूर म्हटलं की माग दाखवायचाच असं नको वाटायचं. पण ड्रमरनं मोबाईलवर माग रेकॉर्ड करून आणला, त्यात धोटा (आडवा दोरा नेणारा) एका टोकाला जाऊन आपटतो तो ठोका इतका कोरडा आणि कडक होता की कुठल्याच विकतच्या सॅम्पलमध्ये मी तसला ऐकला नाही. अख्खा माग क्लिकवर बसत नव्हता कारण त्याचा वेग मागं-पुढं होत राहतो. बेसवाल्यानं त्यातला धोट्याचा एकच ठोका कापून घेतला आणि अंतऱ्यात स्नेअरच्या खाली ठेवला, कूल हर्कची पद्धत, आवडलेला तुकडा घ्यायचा आणि पाहिजे तिथं वापरायचा. ऐकणाऱ्याला माग म्हणून कळत नाही, फक्त स्नेअर जास्त लागतो. ड्रमरच्या वडिलांना मात्र पहिल्याच ठोक्याला कळलं, म्हणाले हा आपला दोन नंबरचा माग की रे.

स्टेजचं सांगतो थोडक्यात. आमच्याच भागातल्या एका मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात अर्धा तास मिळाला, मैदानात. लाउडस्पीकरची परवानगी मंडळानं पोलीस स्टेशनला अर्ज देऊन काढली होती, रात्री दहाला बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे आणि मला तो नियम पटतो पण, शेजारी आजारी माणसं असतात. साऊंडवाले काका ऑर्केस्ट्राचे जुने माणूस. त्यांची सवय अशी की माईक चालू केला की त्यावर इको टाकायचा, गाण्याला तो छान लागतो, रॅपला टाकला की मागचं अक्षर पुढच्या अक्षरावर येऊन पडतं. मी म्हणलं, काका, इको पूर्ण काढा. काका म्हणाले, अरे आवाज कोरडा वाटतोय की मग. म्हणलं कोरडाच पाहिजे काका, पाणी नाहीये गाण्यात अजून. तर काका थांबले, परत एकदा शब्द म्हणून दाखव म्हणाले, मी अंतरा म्हणून दाखवला, आणि मग त्यांनी स्वतःच ठरवलं की अंतऱ्यात इको बंद आणि कोरसला इको चालू, आणि पूर्ण गाणं हात नॉबवर ठेवून उभे राहिले. सहावा मेंबरच तो आमचा त्या दिवशीचा.

पब्लिक मिक्स होतं, पुढं पोरं, मागं खुर्च्यांवर बायका, कडेला म्हातारी माणसं. पहिल्या अंतऱ्याला कुणी हललं नाही, पण ऐकत होते, हे वरनं कळतं, मोबाईल खाली गेलेले असतात. कोरस आला आणि आमच्या रॅपरनं "नीळ्ळु वच्चिनय" अशी आरोळी दिली तर मागनं खुर्च्यांतनं उत्तर आलं! बायकांकडनं! पोरांनी नंतर उचललं. दुसऱ्या कोरसला आम्हाला ओरडायची गरजच नव्हती, मी माईक खाली घेतला, चारी बाजूनं चारी आरोळ्या चालू होत्या. संपल्यावर परत लावा परत लावा झालं, दहाला वीस मिनिटं होती, क्लिक न लावता परत वाजवलं, ड्रमरनं उत्साहात १७६ च्या पार वर नेलं आणि माझी अक्षरं थोडी सांडली, पण तोपर्यंत शब्द म्हणायला समोर माणसं होती.

खाली उतरल्यावर एक मावशी थेट माझ्याकडं आल्या, छान झालं वगैरे काही नाही, म्हणाल्या, "गाण्यात टँकरचं काहीच नाही. आमच्याकडं नळच नाही बाळा, टँकर येतोय, तिथली भांडणं लिही की." आमच्या रॅपरनं तिथंच त्यांच्या शेजारी बसून वहीत सगळं उतरवून घेतलं, पाईप कोण धरतं, नंबर कसा लागतो, कुणाचं पिंप आधी. तर आता तिसरा अंतरा चालू आहे. तो पण ८८ वर, पण शेवटचे चार बार पाईप हातात आल्यापासून डबलमध्ये जातात, त्यामुळे तिथं माझ्याऐवजी ती म्हणणार आहे, तिची जीभ पळते. टँकरचा हॉर्न रेकॉर्ड करायचा राहिलाय, ड्रायव्हर हो म्हणालेत, पुढच्या खेपेला.